खळी सहाला दिसलीच पाहिजे

शहरातल्या निम्म्या इमारतींमधली माणसं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या लिफ्टवाल्यांच्या जिवावर वर-खाली करायची, आणि लिफ्टवाले स्वतः राहायचे ते बिनलिफ्टच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. शेजाऱ्यांनी या गोष्टीची टिंगल करून करून तिचा पार चोथा केला होता. ते हसून सोडून द्यायचे. माणूस शांत, मोजकं बोलणारा, तारा आणि ग्रीस यांच्यात रमणारा. पण त्या एका आठवड्यात, गुरुवार ते सोमवार, हा शांत माणूस असा काही पेटला, की त्यांच्या बायकोनेही तोंडात बोट घातलं.

बायकोला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती छापखान्यात पुस्तकं बांधायची. यंत्रांच्या खडखडाटाने बाकीच्यांची डोकी उठायची, तेव्हा ही निवांत बसून पुठ्ठ्याला खळ लावत असायची. घरातली भाषा हातांची. या भाषेत अहो-जाहो नसतं. समोरच्याकडे बोट केलं की झालं 'तू'. त्यामुळे ती गेली सव्वीस वर्षं नवऱ्याला राजरोस अरे-तुरे करत होती आणि सासूबाईंना शेवटपर्यंत त्याचा पत्ता लागला नाही.

दोघांना एकच मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, पण हसली की डाव्या गालाला खळी पडायची, म्हणून आई तिला गालावर बोट टेकवून हाक मारायची. बापाने त्या खुणेचाच शब्द केला आणि ती सगळ्यांची खळी झाली. खळीला कानही होते आणि तोंडही, आणि दोन्ही तिने लहानपणापासून आईला उसने दिले होते. डॉक्टर काय म्हणतात, दुकानदार काय म्हणतो, बँकेतली बाई का ओरडते आहे, हे सगळं पाच वर्षांची पोर टाचा उंचावून, खिडकीच्या कट्ट्यावर हनुवटी टेकवून आईला हातांनी सांगायची.

आता ती चोवीस वर्षांची होती, आणि शहराच्या स्वतःच्या टीव्ही केंद्राने तिची निवड केली होती. रोज संध्याकाळी सहाच्या बातम्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत उभं राहून खुणांच्या भाषेत सांगायच्या. सोमवारपासून सुरुवात.

घरात आनंदीआनंद झाला. खळीच्या आईने छापखान्यात प्रत्येकाला कागदावर लिहून दाखवलं. तोपर्यंत घरात बातम्या म्हणजे लिफ्टवाले दाखवतील तेवढ्याच. ते जेवता जेवता टीव्ही ऐकायचे आणि एका हाताने तिला सांगायचे, त्यामुळे दहा मिनिटांच्या भांडणाचं "दोघं भांडले" एवढंच तिच्या वाट्याला यायचं. "तू अर्धा घास खातोस आणि मला पाव बातमी देतोस," असं ती म्हणायची, हातांनीच, आणि ते अगदी खरं होतं.

गुरुवारी संध्याकाळी लिफ्टवाले म्हणाले, "आपली खळी पडद्यावर नेमकी कुठे दिसणार, बघून तर ठेवू." सहा वाजता तिघं टीव्हीसमोर बसली. त्या वेळी एक गृहस्थ हे काम करायचे. बातम्या सुरू झाल्या. निवेदिका दिसली, मागचं चित्र दिसलं, पण उजव्या कोपऱ्यात, जिथे चौकट असायला हवी, तिथे केबल कंपनीची लाल पट्टी ठाण मांडून बसली होती. नवे पॅकेज, नवी ऑफर, आजच फोन करा. पट्टी सरकेना, विझेना. मधूनच तिच्या वरच्या कडेतून त्या गृहस्थांचं कोपर तेवढं बाहेर डोकवायचं.

खळीच्या आईने थोडा वेळ निरखून पाहिलं. मग ती गंभीरपणे म्हणाली, "कोपर फार छान बोलतंय."

खळी हसली, पण तिचा पडलेला चेहरा लपला नाही. लिफ्टवाल्यांनी ताबडतोब केबल कंपनीला फोन लावला.

"सर, चित्र दिसतंय ना?" पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं.

"चित्र दिसतंय. माणूस दिसत नाही."

"कुठला माणूस, सर?"

"पट्टीमागचा."

"सर, बॉक्स बंद करून परत चालू करून बघा."

त्यांनी केला. आधी पट्टी आली, मागून चित्र आलं.

"सर, पट्टी सगळ्यांनाच असते. तो आमच्या सेवेचा भाग आहे. आणखी काही मदत करू?"

लिफ्टवाल्यांनी फोन ठेवला. त्यांच्या मानेवरची शीर टरारली होती.

"राहू द्या बाबा," खळी म्हणाली, आणि बोलता बोलता आईसाठी हातही हलवत राहिली. "केंद्रवाले नेटवर दुसऱ्या दिवशी तुकडे टाकतात, पण त्यात ही चौकटच नसते. मी घरी येऊन तुम्हाला सगळं परत करून दाखवीन."

आईने टेबलावर थाप मारली. या घरात थाप मारली की सगळ्यांनी तिच्याकडे बघायचं. "चोवीस वर्षं घरीच बघतेय तुला," ती म्हणाली. "आता टीव्हीवर बघणार. छापखान्यात सांगून बसलेय मी."

शुक्रवारी सकाळी लिफ्टवाले एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या खोलीत काम करत होते. पाणी प्यायला बाहेर आले, तर शेजारच्या गच्चीवर पाइपला बांधलेला माशाच्या सांगाड्यासारखा एक अँटेना त्यांना दिसला. असले अँटेने त्यांच्या लहानपणी घरोघर होते. त्यांनी खाली येऊन त्या इमारतीच्या पहारेकऱ्याला विचारलं, "तो वरचा सांगाडा अजून चालतो?"

"चालतो म्हणजे? पळतो!" पहारेकरी म्हणाला. "वरच्या आजी सगळं हवेतून बघतात. केबल नाही, बॉक्स नाही, कटकट नाही."

"आणि पट्टी?"

"कसली पट्टी?"

लिफ्टवाल्यांनी हातातला पाना खिशात टाकला आणि तसेच ग्रीसच्या हातांनी बाजारामागच्या गल्लीतल्या रेडिओच्या दुकानात गेले. दुकान कसलं, मेलेल्या रेडिओंची रासच ती. त्या राशीमागे जाड भिंगांचा चष्मा लावून एक बाई बसायच्या. सगळे त्यांना रेडिओवाल्या काकू म्हणायचे.

"अँटेना?" काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. "परत सांगा. माझ्या कानांचा काही भरवसा नाही."

"अँटेना हवाय. सोमवारी सहाच्या आत."

काकू ताडकन उठल्या. "चार वर्षं झाली हो हा शब्द कोणी माझ्या दुकानात उच्चारून!" शिडी लावून त्या स्वतःच माळ्यावर चढल्या, खोकत, शिंकत, धूळ उडवत, आणि एक लांबलचक खोका घेऊन उतरल्या. उतरेपर्यंत लिफ्टवाल्यांनी त्यांना सगळी हकिगत सांगून टाकली होती. एरवी ते ग्राहकाला दोन वाक्यांच्या वर काही सांगत नसत.

काकूंनी ऐकलं आणि त्यांना चेवच आला. "पोरगी पट्टीमागे? बघतेच मी. ऐका, पूर्वीसारखं आता मुंग्या-मुंग्या दिसणारं चित्र नसतं. दिसलं तर आरशासारखं, नाहीतर काहीच नाही. टीव्हीच्या आतच सिग्नलचा आकडा दिसतो. पन्नासच्या वर गेला की जिंकलात. टेकडीवरच्या मनोऱ्याकडे तोंड करा आणि तसूतसूने फिरवा. घाई केलीत की हुकलं."

शनिवारी सकाळी लिफ्टवाले अँटेना खांद्यावर घेऊन गच्चीवर चढले. त्यांची इमारत काटकोनात बांधलेली होती. त्यांचं घर आखूड बाजूला, आणि मनोऱ्याची दिशा मोकळी मिळत होती ती लांब बाजूच्या गच्चीवरून, पाण्याच्या टाकीपाशी. तिथल्या कठड्याशी उभं राहिलं की खाली, इमारतीच्या मधल्या चौकापलीकडे, स्वतःच्या घराची खिडकी समोर दिसायची. खळीच्या आईने टीव्ही ओढून खिडकीपाशी आणला होता आणि गच्चीवरून सोडलेली काळी तार त्याला जोडली होती. एक डोळा आकड्यावर, एक डोळा नवऱ्यावर.

इतर कुठल्या घरात हा उद्योग झाला असता, तर गच्चीवरून "दिसतंय का?" आणि खालून "काय म्हणालात?" यातच दुपार गेली असती. रस्त्यावर तर हॉर्नचा नुसता कल्लोळ. पण या दोघांना त्याचं काय? तिने खिडकीतून बोटं दाखवली: बारा. त्यांनी पाइप जरासा फिरवला. अठरा. आणखी जरा. बावीस. मग पुन्हा नऊ.

तासभर हेच चाललं. टेकडीवरचा मनोरा आणि त्यांची गच्ची यांच्यामध्ये एक नवी उंच इमारत छाती काढून उभी होती. आकडा काही पंचविशीच्या वर जाईना.

"डावीकडे," ती खिडकीतून म्हणाली.

"डावीकडेच फिरवतोय."

"माझ्या डावीकडे, तुझ्या नाही."

"मग तसं सांग ना!"

आता खुणांच्या भाषेत भांडायचं म्हणजे दोन्ही हात लागतात. लिफ्टवाल्यांनी पाइप काखेत दाबला आणि दोन्ही हात मोकळे करून बायकोला चांगलं खडसावायला सुरुवात केली. आपण सकाळपासून उन्हात कसे उभे आहोत, हे ते सविस्तर सांगत होते. त्यांच्या प्रत्येक हातवाऱ्यासरशी काखेतला अँटेना गर्रकन फिरत होता. तिकडे खळीची आईही जोरात उत्तर देत होती. मध्येच तिची नजर टीव्हीकडे गेली आणि ती थबकली. मग तिने दोन्ही हात आकाशात उंचावले आणि जागच्या जागी उड्या मारायला लागली.

त्यांना आधी वाटलं, ही रागाने वेडी झाली. मग तिची बोटं दिसली. सहा. एक.

एकसष्ट!

लिफ्टवाले दगडासारखे स्तब्ध झाले. श्वाससुद्धा जपून घ्यायला लागले. हळूच मान वळवून बघतात, तर अँटेनाचं तोंड मनोऱ्याच्या अगदी उलट दिशेला, मागच्या बाजूच्या काचेच्या एका मोठ्या इमारतीकडे. त्यांनी पाइप तसाच धरून एका हाताने काकूंना फोन लावला.

"अहो, बायकोशी भांडता भांडता याचं तोंड उलटीकडे झालं, तर एकसष्ट येतोय!"

काकू हर्षाने किंचाळल्याच. "काचेवर आपटून येतोय तो! मनोऱ्यापासून निघाला, काचेवर थडकला आणि तुमच्याकडे वळला. हलू नका! तिथेच बांधा! अहो, भांडणाने लागलेलं चित्र पहिल्यांदाच ऐकतेय मी."

त्यांनी पाइप टाकीच्या लोखंडी कठड्याला क्लॅम्पने आवळला, लोंबकळणारी काळी तार भिंतीला पक्की केली आणि दोन दोन पायऱ्या उतरत घरी आले. पडदा लख्ख होता. कोपरा मोकळा होता. त्या संध्याकाळी सहा वाजता कोपरवाल्या गृहस्थांना त्यांनी पहिल्यांदा अख्खं पाहिलं. खळीच्या आईने त्यांना टाळी देण्यासाठी टीव्हीच्या काचेला हात लावला. मग आत जाऊन केबलच्या बॉक्सची वायर तिने स्वतःच्या हाताने उपटली आणि बॉक्स कपाटावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली ठेवून दिला.

रविवार मजेत गेला. सोमवारी खळी दुपारीच केंद्रावर गेली. निघताना तिचे हात गार पडले होते. आईने ते आपल्या हातांत घेऊन खसाखसा चोळले, जसं थंडीत बांधणीला बसण्यापूर्वी ती स्वतःचे चोळायची. "घाबरलीस की खांदे वर जातात तुझे," आई म्हणाली. "खांदे खाली. बाकी सगळं तुला येतं."

लिफ्टवाले अर्धी रजा टाकून सव्वापाचला घरी पोहोचले. खळीचा मामा, म्हणजे त्यांचा मेहुणा, आधीच येऊन बसला होता. तो पार्सलची व्हॅन चालवायचा आणि बहिणीशी हातांनी बोलायचा खरा, पण हातांनीच अडखळायचा. लिफ्टवाल्यांनी रिमोट उचलला, टीव्ही लावला.

काळा पडदा. 'सिग्नल नाही.'

त्यांनी तार बघितली, पिन बघितली, परत लावली. सिग्नल नाही. खळीची आई त्यांच्याकडे बघत होती, आणि तिला काही सांगायच्या आधीच ते जिन्याकडे धावले. मेहुणा मागोमाग.

गच्चीवर टाकीभोवती सगळीकडे पाणी सांडलेलं होतं. दुपारी टाकी धुणारी माणसं येऊन गेली होती. शिडी लावायला अडचण होते म्हणून त्यांनी अँटेना काढून भिंतीशी आडवा ठेवला होता, आणि क्लॅम्पचे दोन तुकडे होऊन बाजूला पडले होते.

"दोरीने बांधू या, भाऊजी," मेहुणा म्हणाला.

"वारा बघ. दोरीने दोन मिनिटं टिकणार नाही. एवढंसं हललं तरी जातोय तो." लिफ्टवाल्यांनी घड्याळ पाहिलं. साडेपाच. "व्हॅन काढ. बाजारामागे रेडिओवाल्या काकू. म्हणावं, क्लॅम्प मोडला. पळ!"

मेहुणा पळाला. लिफ्टवाल्यांनी अँटेना उचलला, पाइप पायाच्या अंगठ्यापाशी रोवला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि काचेच्या इमारतीकडे तोंड केलं. चौकापलीकडे खिडकीत खळीची आई येऊन उभी राहिली होती. तिने एका नजरेत सगळं ताडलं. बोटं वर केली: तीस.

ते फिरवत राहिले. चाळीस. पस्तीस. वारा अँटेनाच्या काड्यांमधून सूं सूं करत जात होता आणि मनगटांना झटके बसत होते. अठ्ठेचाळीस. तिने तळहात दाखवला, थांब. मग अंगठ्याने जराशी खूण केली, एवढंसं, एवढंसंच. एकोणसाठ. तिने दोन्ही मुठी आवळल्या: तसाच धर!

त्यांनी तसाच धरला. सहाला सात मिनिटं कमी होती. आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की मेहुणा सहापर्यंत काही परत येत नाही. बाजारातली ती गर्दी, तो सिग्नल, काकूंचा तो पसारा. म्हणजे खळी पडद्यावर येणार, आणि तिचा बाप गच्चीवर खांबासारखा उभा राहणार. त्यांना बायकोला काही तरी म्हणायचं होतं, पण दोन्ही हात अडकलेले. या घरात हात अडकले म्हणजे तोंड बंद. त्यांनी नुसती मान हलवली.

तिला कळलं असावं. ती खिडकीतून थोडी पुढे आली, चौकटीला टेकली, म्हणजे अर्धं अंग टीव्हीकडे आणि अर्धं त्यांच्याकडे.

सहा वाजले. त्यांना खालच्या मजल्यांवरून कुणाच्या तरी टीव्हीचं संगीत पुसट ऐकू आलं. खळीच्या आईने टीव्हीकडे पाहिलं आणि तिचा हात सावकाश उठला, गालाला टेकला.

आली.

लिफ्टवाल्यांच्या छातीत असं काही धडधडलं, की पाइप हलेल की काय, अशी त्यांना भीती वाटली. आणि मग खिडकीत त्यांची बायको बोलायला लागली. ती स्वतःचं काही बोलत नव्हती. टीव्हीकडे बघून, खळी करेल ते जसंच्या तसं त्यांच्याकडे पाठवत होती. नदीवरचा जुना पूल. बंद. पंधरा दिवस. दुरुस्ती. मोठ्या गाड्यांनी बाहेरच्या रस्त्याने जायचं. एकेक खूण स्पष्ट, टोकदार. हात आईचे, पण वळण लेकीचं. शब्द संपताना करंगळी किंचित बाहेर काढायची लकब खळीची होती. प्रश्नाला डावी भुवई वर जाते, तीही तिचीच. आई एरवी असं कधीच करत नसे.

गच्चीवर वाऱ्यात उभे राहून लिफ्टवाले सहाच्या बातम्या पाहत होते. शाळेचं नवं मैदान. ग्रंथालयाची वेळ वाढली. आणि मग बागेतून हरवलेलं कासव. तीन दिवस शोधत होते, ते शेवटी बागेच्या दारापासून वीस पावलांवर सापडलं. खळीच्या आईने दोन मुठींमधून कासवाचं डोकं असं काही सावकाश बाहेर काढलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, की लिफ्टवाले खो खो हसायला लागले. हात हलू द्यायचे नाहीत आणि हसू तर थांबत नाही. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पुसायलाही हात नव्हता. ते हसण्याचं होतं की आणखी कशाचं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मग काही क्षण खिडकीतले हात संथ झाले. एक वाक्य अर्धंच आलं. पुढचं आलंच नाही. खळीची आई टीव्हीकडे वळली होती, पूर्ण वळली होती, आणि आता लिफ्टवाल्यांना तिची फक्त पाठ दिसत होती. हात दोन्ही बाजूंना सोडलेले, मान जराशी पुढे. ती त्यांना विसरून गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला घरचं कुणी बातमी कापून, अर्धी करून, घासाबरोबर देत नव्हतं. सगळी, अख्खी, तिच्याशीच बोलत होती.

लिफ्टवाल्यांनी पाइप आणखी घट्ट धरला. तिने वळून बघावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

जिन्यात धाडधाड पावलं वाजली. मेहुण्याच्या पुढे, घामाघूम, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, रेडिओवाल्या काकू. "लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही!" त्या धापा टाकत ओरडल्या. "लाज नाही वाटत? धरा, हलवू नका, मी आवळते." पिशवीतून त्यांनी एक सोडून तीन क्लॅम्प काढले आणि तिन्ही एकाखाली एक लावले. "आता हत्ती आला तरी हलायचा नाही. जा! पळा!"

ते पळाले. लांब बाजूचा जिना उतरून, चौक ओलांडून, आखूड बाजूचा जिना चढून. बोटं आखडून पाइपच्या आकाराचीच राहिली होती, दार उघडायला खांदा लावावा लागला. खोलीत शिरले तर हवामान चाललं होतं. कोपऱ्यात, मोकळ्या चौकटीत, निळ्या सदऱ्यातली त्यांची लेक. खांदे खाली. उद्या वारा कमी होणार, असं ती सांगत होती, आणि तिचे हात वाऱ्यासारखेच हळूहळू मंदावत खाली आले. मग ती किंचित हसली आणि पडद्यावरही ती खळी पडली.

खळीच्या आईने न वळताच हात मागे केला. लिफ्टवाल्यांनी तो धरला.

काकू आणि मेहुणा पोहोचेपर्यंत जाहिरात लागली होती. "हुकलं का माझं?" काकूंनी विचारलं. खळीच्या आईने त्यांना खुर्चीत बसवलं आणि पहिल्या पुलापासून शेवटच्या वाऱ्यापर्यंत सगळ्या बातम्या हातांनी सांगितल्या. काकूंना एक अक्षर कळलं नाही, पण कासवाला त्या बरोबर हसल्या.

खळी साडेसातला घरी आली. दारातच तिने विचारलं, "दिसले?"

"सगळी दिसलीस," आई म्हणाली. "पूल चांगला केलास. कासव उत्तम. पण ग्रंथालयाच्या वेळेत सात आणि आठमध्ये गोंधळ होता. बोट नीट उघड."

"आई, पहिलाच दिवस होता!"

"म्हणून तर आजच सांगतेय."

खळीने बापाकडे पाहिलं. बापाने दोन्ही हात वर केले, म्हणजे यात मी नाही. तेव्हा तिला त्यांच्या तळव्यांवरचे लाल वळ दिसले आणि मेहुण्याने मग सगळी गच्चीची कथा रंगवून सांगितली, तोंडाने आणि हातांनी एकदमच, आणि दोन्हीकडे अडखळत. खळी उभ्या उभ्या ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिने बापाचे हात घेतले आणि दुपारी आईने तिचे चोळले होते तसे ती ते चोळत बसली.

मंगळवारी केबल कंपनीचा माणूस बॉक्स न्यायला आला. त्याच्याकडे एक फॉर्म होता. "सेवा बंद करण्याचं कारण?" त्याने विचारलं.

"मुलगी दिसत नव्हती," लिफ्टवाले म्हणाले.

त्याने पेन थांबवलं, वर पाहिलं, टीव्हीच्या स्वच्छ पडद्याकडे आणि त्यातून गच्चीकडे गेलेल्या काळ्या तारेकडे पाहिलं, आणि 'इतर' अशा चौकोनात खूण केली. जिन्यात पोहोचल्यावर मात्र तो परत फिरला. "साहेब, तो वरचा अँटेना... कुठे मिळतो?"

गुरुवारी छापखान्यात एक वेगळीच गोष्ट घडली. सकाळी खळीची आई आली ती थेट मुकादमाकडे गेली आणि त्याच्यापुढे एक चिठ्ठी ठेवली: 'आज दुपारपासून उद्या सकाळपर्यंत या भागात पाणी येणार नाही. पिंपं आत्ताच भरून घ्या. खळ भिजवायला पाणी लागेल.' मुकादमाने इकडे तिकडे विचारलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. सव्वीस जणांच्या त्या छापखान्यात, जिथे प्रत्येक गोष्ट तिला सगळ्यांच्या शेवटी, कुणाला वेळ झाला तर कळायची, तिथे एक बातमी सगळ्यांच्या आधी तिच्याकडे आली होती. त्याने पिंपं भरून घेतली. दुपारी दोनला नळ कोरडा पडला.

मुकादम कागद आणि पेन घेऊन तिच्या टेबलाशी आला आणि त्याने लिहिलं: 'तुम्हाला कुणी सांगितलं?'

तिने खळ लावायचा ब्रश बाजूला ठेवला, हात पुसले आणि त्याच कागदावर खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'सहाच्या बातम्या. तुम्ही बघत नाही का?'